तेलाचं बोट

"भाऊ, सीट काय मस्त सरकते आता! बोट लावलं की मागे," असं म्हणत ती विमानाकडे निघाली. पोरगी शिंदखेड्याची, शेतकऱ्याच्या घरची. त्या सकाळी ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती. मी खूश होऊन चहाचा घोट घेतला. विमान सुरू होऊन निघालं, तेव्हा कुठे तिचे शब्द डोक्यात शिरले.

धुळ्याजवळ विमान चालवायला शिकवतात, तिथे मी मेकॅनिक. अब्बांचं देवपुरात टेम्पो-रिक्षांच्या सीटचं दुकान. त्यामुळे वैमानिकांच्या सीटची सक्तीची तपासणी निघाली, तेव्हा मीच छाती पुढे काढून उभा राहिलो. सीट उतरवायची, खालच्या रुळांची भोकं मोजायची, त्यांत सीट अडकवणारी पिन पुरती बसते का बघायचं. सगळं चोख केलं. मग सीट परत बसवताना, अब्बांच्या शिरस्त्याप्रमाणे, रुळांवरून तेलाचं बोट फिरवलं. गिऱ्हाईकाला खडखडणारी सीट द्यायची नाही, हे आमच्या दुकानाचं इमान. इथे तेल लावू नका, असं विमानाच्या दुरुस्ती-पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं. मी म्हटलं, पुस्तकवाल्यांना काय कळतंय!

त्यानंतर चार दिवस वारा नुसती धूळ ओतत होता. तेलावर ती चिकटली असणार, भोकं भरली असणार, पिन वरवर टेकली असणार. सीट अडवणारा जादा पट्टा अजून बसवायचा होता. विमानानं नाक उचललं की सीट मागे जाणार, पोरगी सावरायला हातातला विमान चालवायचा दांडा ओढणार, विमान उभंच्या उभं होऊन खाली येणार.

या अल्ला! मी इंजिनियर साहेबांकडे पळत सुटलो. "साहेब, थांबवा तिला! मी रुळांना तेल लावलंय." नोकरी जाईल हे कळत होतं, पण भीती त्याची नव्हती. साहेबांनी शिवी गिळली, वायरलेस उचलला. विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं होतं. ते मागे वळेपर्यंत मी तिकडेच बघत राहिलो.

साहेब स्वतः सीटवर बसले, पायांनी जोर दिला. सीट सर्रकन मागे गेली आणि दांडा त्यांच्या हातातून सुटला.

दुपारपर्यंत रूळ घासून कोरडे केले, पट्टा येईपर्यंत ते विमान उभंच राहिलं. पोरीनं जवळ येऊन एवढंच विचारलं, "भाऊ, आते ठीक शे ना?" तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी अब्बांनी नेहमीसारखं विचारलं, "काय रे, सीट नीट सरकते ना?"

"नाही सरकत, अब्बा," म्हणालो आणि त्यांच्यासमोरच रडलो.