अक्काच्या सोन्याचा टाक

अक्का गेल्याचा निरोप घेऊन गेवराईचा गडी आमच्या अंबाजोगाईच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी जात्याभोवतीचं पीठ गोळा करत होते. त्यानं मुंडासं काढून हातात धरलं, तेव्हाच मी ओळखलं. "अक्काबाई गेल्या," तो म्हणाला. "परवाच्या दिशी. समदं उरकलंय. थोरल्या बाईनं सांगितलंय, घाईनं येऊ नका, धाव्या दिसाला आलं तरी चालंल." चालंल म्हणे! पाठच्या बहिणीला तोंड बघू दिलं नाही, वर अक्काच्या सासूला चालंल. मी पीठ तसंच टाकून आत गेले आणि भिंतीला डोकं टेकून बसले… रडूच येईना. राग इतका होता की रडायला जागाच उरली नव्हती.

या पुरवणीचे संपादक आमच्या यजमानांच्या ओळखीचे. यजमान इथल्या शाळेत मास्तर, त्यांनीच मला लिहाय-वाचायला शिकवलं. संपादकांनी त्यांच्याकडून निरोप धाडला की, बहिणीच्या आठवणींचे चार गोड शब्द लिहून द्या, मन हलकं होतं. आता गोड शब्द किती निघतील ते मला ठाऊक नाही. आणि मन हलकं करायला मी बसलेलीच नाही. माझ्या बहिणीच्या कानातलं कुणी काढलं आणि ते परत कसं आलं, एवढं मात्र मी सांगणार आहे.

अक्काला दागिन्यांचं वेड होतं. मेलेल्या माणसाविषयी लिहायचं म्हणजे ती साधी होती, निरिच्छ होती असं लिहायची पद्धत आहे. माझी अक्का निरिच्छ बिलकुल नव्हती. आमचं माहेर लिंबागणेशचं. दसऱ्याच्या आधी आई दागिन्यांची पेटी उघडून एकेक डाग रिठ्याच्या पाण्यात टाकायची, तेव्हा मी अंगणात पळायची आणि अक्का मात्र आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. पुतळ्यांची माळ ती मुठीत धरायची आणि म्हणायची, "ताई, बघ तर, लगेच ऊन होतंय." मी धाकटी, तरी लाडात आली की मला ताई म्हणायची. जुनं सोनं तसं असतंच. आजकाल हैदराबादेहून येणारं सोनं पिवळंजर्द, टणक, कडा बोटाला टोचतील असं. त्या पुतळ्या तांबूस होत्या, मऊ होत्या. किती बायकांच्या गळ्यावर घासून त्यांच्यावरच्या देवींचे नाक-डोळे पुसून गेले होते. अक्का म्हणायची, हे आपल्या पणजीचं अंग लागून झिजलंय, आता माझं लागंल. ज्याला यात नुसती हाव दिसते त्यानं खुशाल हाव म्हणावं.

पण तिचा खरा जीव होता हिऱ्यांच्या कुड्यांवर. एकेका कुडीत सात हिरे, जुन्या घडणीचे. दुपारच्या उन्हात ते काही विशेष दिसत नसत, उलट जरा मळकटच वाटत. दिवेलागणीला आई समईपाशी बसली की मात्र त्यांचं पाणी जागं व्हायचं, आणि मग आईनं मान हलवली तरी आमची नजर तिकडं जायची. डाव्या कुडीतला एक हिरा कधीतरी पडून गेला होता. त्याच्या जागी बसवलेला दुसरा किंचित पिवळसर निघाला. आईला त्याचं वाईट वाटे. अक्काला तोच आवडायचा. "ह्यो माझ्यावानी हाय. समद्यात बसलाय, पर रंगानं जरा उतरलाय," असं म्हणून ती खिदळायची. ती सावळी होती, तेवढ्यावरून तिची दोन स्थळं मोडली होती. तिसरं जमलं ते गेवराईच्या मोठ्या जमीनदाराचं. कुड्या आणि पुतळ्या पाहिल्यावर नवरीचा रंग कुणाला दिसला नाही… तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं की त्या घराला नक्की काय पसंत पडलंय.

अक्काला एकच लेक, चिमी. आता नऊ वर्षांची आहे. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, नेभळट माणूस. आईनं ऊठ म्हटलं की उठणार, बस म्हटलं की बसणार. त्यांच्या आईला अक्का अत्याबाई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. पौषात अक्काला ताप भरल्याचं कळलं तेव्हा मी बीडपर्यंत मोटारीनं आणि पुढं छकड्यातून गेवराईला गेले. ती माजघरात एका घोंगडीवर पडलेली. मी जवळ बसले आणि पहिल्यांदा दिसलं काय, तर तिचे कान. भोकांत कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या. गळ्यात नुसती काळी पोत. "अगं, तुझं अंगावरचं कुठं गेलं?" मी विचारलं. तिच्याऐवजी अत्याबाईच उंबऱ्यातून बोलल्या, "तापाच्या मानसाला जड होतंय म्हनून काढून ठिवलं. बरी झाली की घालंल की." बुगडीएवढ्या कुडीचं ओझं! त्या पाणी आणायला गेल्या तशी अक्कानं माझं मनगट धरलं. "कुड्या अन् पुतळ्या चिमीच्या हायेत. मी न्हाई राहिले तर तू बघ. मला दुसरं काय बी नको." मी म्हटलं, गप गं, तूच घालशील चिमीच्या कानात. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली… तेच शेवटचं.

तेराव्याला भावकी जमली होती. जेवणं झाली, पानं फिरली, आणि मी ओसरीच्या दाराशी उभी राहून सर्वांदेखत विचारलं, "चिमीच्या आईचं सोनं कुठं हाय?" दाजींनी मान खाली घातली. मूग गिळून बसण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही. अत्याबाई म्हणाल्या, "दवापान्यात गेलं समदं." मी म्हटलं, कुठला वैद्य, कुठली दवा? मी चार दिवस होते, काढ्याशिवाय मला काही दिसलं नाही. तेव्हा त्या ताडकन उठल्या, देव्हाऱ्यातून बेल आणि भंडारा आणला आणि तळहातावर धरून म्हणाल्या, "तिच्या सोन्याची गुंज बी ह्या घरात असंल तर खंडोबा बघून घील." बेलभंडारा उचलल्यावर भावकीत कोण बोलणार? सगळे उठून गेले. चिमी कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती. मी त्या दिवशी त्या घराचं पाणीसुद्धा प्यायले नाही.

यजमान म्हणाले, उर्दूत अर्ज लिहून घेऊ, निजामाच्या तहशिलीत देऊ. मी म्हटलं, तहशीलदार काय त्या बाईच्या कोनाड्यात शिरून बघणार आहे? तुमचा अर्ज ठेवा बाजूला. मी दिवस-रात्र जळत होते. देवाला हात जोडायचे तर तोंडातून शिव्याच यायच्या. आणि फाल्गुनात गेवराईचा तोच गडी पुन्हा दारात आला. दाजींचं लग्न ठरलं होतं. अक्काची चूल निवायच्या आधी! आणि अत्याबाईंनी मला बोलावलं होतं, मानानं, खण-नारळ धाडून.

कशाला, ते आमच्या भागातल्या बायकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. पहिली बायको मेली आणि पुरुषानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात, म्हणजे पहिलीची लहानशी सोन्याची मूर्ती. नाहीतर पहिलीचा जीव घरात घुटमळतो, दुसरीला सुखानं नांदू देत नाही, असं म्हणतात. दाजींच्या घराण्यात त्याच्या दोन अटी आहेत. टाक मेलेल्या बाईच्या अंगाला लागलेल्या सोन्याचाच हवा, आणि तो तिच्या माहेरच्या सवाष्णीनंच बांधायचा. आमची आई केव्हाच गेलेली. माहेरची सवाष्ण म्हणून मी एकटीच उरले होते. निरोप ऐकला आणि मी हसायलाच लागले. यजमान घाबरले, त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, चला, गाडीचं बघा. इतक्या हौसेनं मी कधी माहेरीसुद्धा गेले नसेन.

लग्नाच्या आदल्या दिवशी, देवकाच्या वेळी, नवरीकडची माणसं मांडवात आलेली. नवरीचं नाव यमुना, सोळा-सतरा वर्षांची, गोरीपान पोर. पाटाशेजारी तिची आई बसलेली, चांगली धडधाकट, खणखणीत आवाजाची बाई. मी यमुनेकडं पाहिलं. साखरपुड्यात चढवलेल्या कुड्या तिच्या कानात होत्या. डावीत पिवळसर हिरा. "लई झ्याक कुड्या हायेत," एवढंच म्हटलं. तिची आई कौतुकानं म्हणाली, "नव्या घडवल्यात, हैदराबादच्या." अत्याबाई तांदूळ निवडल्यासारखं करत खाली बघत होत्या. ताटात विड्याच्या पानावर टाक ठेवलेला. नवा घडवलेला, पण सोनं तांबूस… मी तो उचलला. तो माझ्या मुठीत लगेच ऊन झाला.

मी तो बांधला नाही. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं विचारलं, "अत्याबाई, ह्ये सोनं कुणाचं हाय?"

मला त्यांचा चेहरा आजही दिसतो आणि आजही बरं वाटतं. घरातलं दुसरं सोनं म्हणावं, तर टाक खोटा, आणि नवरीची आई पोरीला पाटावरून उठवणार. अक्काचं म्हणावं, तर बेलभंडारा खोटा. इकडं आड, तिकडं विहीर. मला वाटलं होतं बाई खोटं बोलेल. जिवंत माणसांशी ती बेधडक खोटं बोलली होती. पण मेलेल्या सुनेचं तिला भय होतं, देवाहूनही जास्त. टाक समोर असताना तिची जीभ वळेना. "तिचंच हाय की," ती पुटपुटली. "तिच्या माळंतली एक पुतळी आटवली. दुसऱ्याचं कसं चालंल?"

मागून भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "मग त्या दिशी बेलभंडारा कशाचा उचललास गं?" दुसरी म्हणाली, "एक पुतळी आटवली, मग बाकीची माळ कुठं हाय?" मग तोंडं सुटली. मी यमुनेच्या आईकडं वळले आणि शांतपणे सांगितलं, "बाई, तुमच्या लेकीच्या कानातल्या कुड्या माझ्या बहिणीच्या हायेत. तिच्या तापात तिच्या कानातनं काढलेल्या. तिनं मरताना त्या तिच्या लेकीला दिल्यात. डावीतला एक हिरा पिवळा हाय का बघा." तिनं पोरीचा कान धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आगं माझे माय!" ती किंचाळली. "मेलेल्या सवतीचं ओरबाडलेलं माझ्या पोरीच्या कानात घातलं व्हय तुमी? काढ गं, काढ!" यमुना रडत रडत कुडीचं मळसूत्र फिरवत होती, ते निघेना. "माळ बी आणा," मी म्हटलं. "समदं ताटात आल्याबिगर मी टाक बांधणार न्हाई." नवरीची आई म्हणाली, "अन् टाक बांधल्याबिगर माझी पोरगी पाटावर बसणार न्हाई." दाजी पहिल्यांदाच आईला न विचारता उठले. धान्याच्या कणगीत हात घालून फडक्याची पुरचुंडी आणली. करावं तसं भरावं. चिमीच्या गळ्यात मी माळ घातली, कुड्या तिच्या कानांत अडकवल्या, आणि मग अक्काचा टाक यमुनेच्या पोतीत ओवून बांधला. पोरीशी माझं काही वैर नव्हतं. तिच्या कानाशी मी म्हटलं, "भिऊ नको. आता तू आमच्या घरची लेक." चिमीला घेऊन मी त्याच दिवशी निघाले, लग्नाला थांबले नाही.

आता लोक म्हणतील, झालं, मिळालं ना सोनं, सोड आता. यजमानही तेच म्हणतात. पण मला सोडवेना. मी अक्काशी सोडायचा करार केला नव्हता.

परवा अक्षय तृतीया, आमची आखिती, झाली. अक्काच्या नावानं पाण्याची घागर द्यायची म्हणून चिमीला घेऊन मी गेवराईला गेले. दाजींनी मुहूर्तावर यमुनेसाठी नव्या पाटल्या आणल्या होत्या. यमुना पाटल्यांना हातच लावेना. त्या घराची रीत अशी की, टाक गळ्यात असलेल्या सुनेसाठी लुगडं येवो की सोनं, ते आधी टाकाला लावायचं, आणि घरातल्या थोरल्या बाईनं मेलेल्या सुनेला विनवायचं की आधी तू नेस, आधी तू घाल. त्या घरात थोरली बाई एकच. अत्याबाई पाटल्या घेऊन यमुनेपुढं बसल्या. यमुनेनं पोत पुढं धरली. टाकावर हळदकुंकू होतं, रोजचं, ताजं. अत्याबाईंनी पाटल्या त्या टाकाला टेकवल्या आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाल्या.

मी चिमीला पुढं बसवलं होतं. म्हटलं, "ऐकू न्हाई आलं, अत्याबाई. तापात तिला जरा कमीच ऐकू यायचं. परत म्हणा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग यमुनेच्या गळ्याकडं पाहिलं. "बाई," त्या म्हणाल्या, चिमीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आधी तू घाल."