रंगनाथचा नंबर

रंगनाथची घागर पाण्याच्या रांगेत दिसली, त्या दिवशी नंबरआत्याने नंबर पुकारणं सोडलं. घागर कोणी ठेवली हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आजही नाही.

रंगनाथ आत्याचा एकुलता एक मुलगा. आत्या माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी परतली आणि लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या आमच्या गावात, आमच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहिली. सगळं गाव तिला तोंडावर आत्या म्हणे आणि माघारी नंबरआत्या, कारण एवढा एक इंग्रजी शब्द तिने असा आपलासा केला होता की त्याच्यावाचून तिचं पान हलत नसे. शेतात गेली की ती ‘खालच्या नंबरात गेलते’ म्हणे. चष्म्याचा नंबर वाढला, भाकरी एक नंबर झाली, रेशनवाला दोन नंबरचा निघाला, शेजारणीला पुन्हा दिवस गेले तर ‘तिसरा नंबर हाय तिचा.’ गावात एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की मात्र ती आवाज खाली आणी. ‘आता त्याचा नंबर हाय,’ असं म्हणून ती दाराकडे बघे. मीही बघत असे. दारात कुणी नसे.

मी बीडच्या कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन शिकले होते. लग्नात रुखवतापेक्षा जड असा एक शब्दकोश घेऊन या घरात आले. एका दुपारी गंमत म्हणून मी त्यातले त्या शब्दाचे सगळे अर्थ आत्याला मराठीत सांगितले. बोटाने वातीला पीळ देत तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“मेलेल्याला नंबर न्हाई का त्यात?”

“नाही आत्या. तसा अर्थ दिलेला नाही.”

“मग कच्चं हाय तुझं बुक,” ती म्हणाली आणि पुढची वात घेतली.

हा शब्द तिला दूध सोसायटीने दिला होता. सोसायटी निघाली तेव्हा आत्या एका म्हशीच्या जोरावर सभासद झाली. सचिव दूध मापताना माणसाचं नाव घेत नसे, सभासद नंबर पुकारत असे. “कुनाची रांडव न्हाई, कुनाची बहीन न्हाई. सात नंबर म्हनलं की मी पुढं,” हे ती इतक्या अभिमानाने सांगे की ऐकणाऱ्याला तिच्या आधीच्या आयुष्याची कल्पना यावी.

मग दुष्काळ पडला. एक साल गेलं, दुसरंही गेलं. जनावरं छावणीला गेली, काही बाजारात गेली, सोसायटीचा काटा फडक्यात गुंडाळून ठेवला. आवार तेवढं राहिलं, आणि टँकर तिथेच येऊ लागला. लोकांनी दुधाच्या किटल्या ज्या क्रमाने लावल्या, त्याच क्रमाने घागरी लावल्या. आत्या कडुनिंबाखाली बसून नंबर पुकारू लागली. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण कोणी उठवलंही नाही.

टँकर कधी येईल याचा भरवसा नसे. माणसं सकाळी घागर ठेवून घरी जात. माणसाऐवजी घागर उभी राही आणि त्याचा नंबर धरून ठेवी. वैशाखातल्या भर दुपारी त्या आवारात एक माणूस नसे, नुसत्या घागरी. उन्हाने पत्रा तापला की त्यांतून टिक् टिक् असा आवाज येई. आतून कुणी नखाने वाजवावं तसा. आत्या त्यांच्याशी नावानिशी बोले. “सोपाना, सरळ उभा ऱ्हा,” म्हणत ती कलंडलेली घागर नीट करी. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या घागरीपाशी आली की डोक्यावर पदर घेई.

तिचे कायदे दोनच होते. जो गावात आहे त्याला नंबर, बाहेर गेलेल्याला नाही. आणि जो मेला, त्याची घागर दहाव्यापर्यंत रांगेत राहील. “जिवाला दहा दिस लई तहान लागती,” ती म्हणे. मेलेल्याच्या नंबरचं पाणी ती स्वतः उचलून निंबाच्या मुळाशी ओती. तहानलेलं गाव ते बघत राही. एकदाच रांगेतला सोपान उसळला होता.

“आत्या, जित्याच्या तोंडचं काढून मेलेल्याला पाजता व्हय? कावून?”

“तुझा नंबर लागला की माझ्याकडंच येशील रे भाड्या. तवा इचार कावून.”

लोक हसले. सोपानही हसला, पण हसता हसता त्याने निंबाकडे पाहिलं.

रंगनाथची घागर या रांगेत कधीच नव्हती. दुष्काळाच्या पहिल्याच साली तो टोळीबरोबर ऊस तोडायला खाली कारखान्यावर गेला. हंगाम संपून पट्टा पडला, टोळी परत आली, रंगनाथ आला नाही. वाटेत ट्रॅक्टर थांबला तेव्हा तो पाणी प्यायला म्हणून उतरला आणि परत चढलाच नाही, एवढंच टोळीवाल्यांनी सांगितलं. त्यांनी शोधलं, हाका मारल्या. माझे यजमान जाऊन आले, पोलिसांत सांगून आले. काही हाती लागलं नाही.

सोपानने तिला सुचवलं होतं, चांगल्या मनाने, “आत्या, रंगाची बी घागर ठिवा की. कोन नगं म्हनतंय?”

“तो गावात न्हाई,” आत्या म्हणाली. “अन् गावात नसून त्याची घागर ठिवली, तर त्याचा अर्थ काय व्हतो ते तुला ठावं हाय. मी न्हाई ठिवनार. माझ्या हातानं न्हाई.”

पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

आत्याने पुकारणं सोडलं त्या दिवशी सकाळी माझी घागर शेवटची होती. मी ठेवून घरी आले. दुपारी आत्याला ताक द्यायला गेले तर माझ्या घागरीमागे आणखी एक घागर होती. जर्मनची, गळ्यापाशी पोचा पडलेली. रंगनाथची ती घागर आत्याच्या आतल्या खोलीत फळीवर पालथी असायची. दिवाळीला मीच तिच्यावरची धूळ पुसली होती. आत्या तिच्यासमोर उभी होती. हात न लावता.

“तू ठिवलीस?”

“नाही आत्या.”

“खरं सांग पोरी.”

“तुमची शपथ.”

मी घागरीला हात लावला. आजूबाजूच्या घागरींनी हात भाजत होता. ही गार होती. उचलली तर खाली मातीवर ओलं वर्तुळ होतं. बघता बघता उन्हाने ते पुसलं.

टँकर आला. ड्रायव्हर ओरडला, “चला बे, पाइप धरा!” पण आत्या निंबाखाली गेली नाही. ती त्या घागरीशेजारी मातीत बसली होती. शेवटी सोपानने नंबर पुकारले. त्या घागरीपाशी आल्यावर तो अडखळला. मग आत्याकडे न बघता त्याने पुकारलं, “रंगनाथ.” रांगेतली बायामाणसं सरकून उभी राहिली. पाइप कुणी आपल्याकडे ओढला नाही, घागर भरली.

ते पाणी आत्याने निंबाला घातलं नाही. घागर कमरेवर घेऊन ती घरी गेली. त्यानंतर रोज ती स्वतः ती घागर रांगेत ठेवी आणि भरून घरी नेई. रात्री देवळीखाली ठेवलेली भरली घागर सकाळी रिकामी असे. खालची जमीन कोरडी ठणठणीत. मी शिकलेली. एका रात्री ती घागर मी आमच्याकडे आणली, भरून ठेवली, बुडाला बोट फिरवून बघितलं. थेंबभरही गळली नाही. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने परत नेऊन दिली आणि आत्याला काही विचारलं नाही.

दहावा दिवस आला. यजमानांनी भीत भीत विचारलं, “आत्या, भटजींना सांगून येऊ का?”

“कावून? कोन गेलंय?” आत्या म्हणाली. “पानी प्यायला उतरला व्हता त्यो. पिऊन गेला.”

त्या दिवशी तिने घागर घासली आणि फळीवर पालथी ठेवली. ‘नंबर’ हा शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. शेताला ती शेत म्हणू लागली. डोळ्यांनी कमी दिसू लागलं, तर कमी दिसतंय एवढंच म्हणे. इतरांच्या ते लक्षातही आलं नसेल. मला मात्र तिच्या बोलण्यात त्या शब्दाची जागा मोकळी ऐकू येई, आणि मी तिथे थांबत असे.

पुढे पाऊस झाला, सोसायटीचा काटा फडक्यातून निघाला. आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. रंगनाथविषयी ती कधी ‘होता’ म्हणाली नाही, ‘आहे’ही म्हणाली नाही. एका थंडीत ती माझ्या मांडीवर गेली. आदल्या दिवशी तिने खोल्यांची किल्ली माझ्या मुठीत दाबली. “आला तर उघडून दे,” ती म्हणाली. “अन् जेवलास का इचार. नुसतं पानी देऊ नको.”

रंगनाथची काही खबर अजून आलेली नाही. आत्याच्या दोन्ही खोल्यांना कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे, आणि दोन भाकरी मी रोज जास्त करते.