बॅग वाकोल्याला, मी घाटकोपरला

पहिलं बाळंतपण माहेरचं, हा नियम आमच्या दोन्ही घरांना मान्य होता. भांडण होतं ते पुढच्या प्रश्नावरून: बाळंत व्हायचं कुठल्या हॉस्पिटलात?

माझं माहेर वाकोल्याचं. चाळीतली एक खोली, वर पोटमाळा. वडील गिरणीत होते, संपानंतर ते एका सोसायटीच्या गेटवर बसायचे. आईचं म्हणणं, वाकोल्याजवळच्या म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात नाव घालायचं, कारण शेजारची मावशी तिथे आयाबाई होती. "आपला माणूस असला की पोरीवर कोण वराडणा नाय," असं ती मालवणीत बजावायची. सासर घाटकोपरचं, जुनं, नोकरदार. सासूबाईंच्या मते आमच्या गल्लीच्या टोकाचं नर्सिंग होमच योग्य होतं. तिथले डॉक्टर सासऱ्यांच्या ओळखीचे, नणंदेची दोन्ही मुलं तिथलीच, आणि मुख्य म्हणजे तिथल्या खोल्यांना पडदे होते. पडद्यांचा उल्लेख त्या इतक्या वेळा करायच्या की मला वाटायचं, बाळ पडद्यातूनच बाहेर येणार आहे.

मला विचारायची पद्धत नव्हती. पण मला दोन्ही नको होती, आणि त्याला कारण होतं. माझ्या ऑफिसच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी चौथ्या महिन्यात माझं रक्त तपासलं आणि समोर बसवून समजावलं. माझा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. या बाळाला बहुधा काही होणार नाही. पण बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंत झाल्यापासून तीन दिवसांच्या आत मला एक इंजेक्शन मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर पुढचं मूल धोक्यात. "लहान ठिकाणी हे विसरतात," त्या म्हणाल्या. "जिथे रक्तपेढी आहे, तिथेच नाव घाला."

मी घरी येऊन हे सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही कुणाला नाही." आई म्हणाली, "निगेटिव्ह-बिगेटिव्ह काय नाय, तुका भाजी खावक व्हयी." नवरा म्हणाला, "बघू ना." माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातली निम्मी वाक्यं 'बघू ना' अशी आहेत. स्वभावानं देवमाणूस. पण देव तरी कुठे वेळेवर येतो?

मग मी एक दिवस कुणाला न सांगता रजा टाकली आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन स्वतःच नाव घातलं. बाकावर चार तास बसले. खिडकीतल्या बाईनं मान वर न करता "एवढ्या उशिरा येता होय?" असं सुनावलं. पण हातात गुलाबी कार्ड पडलं, आणि त्यावर लाल शाईनं माझा रक्तगट लिहिलेला होता. येताना बसमध्ये मी ते कार्ड पर्समधून तीनदा काढून पाहिलं. लग्नात मंगळसूत्र पाहिलं नसेल इतकं.

कार्ड घरात सापडल्यावर जे झालं ते व्हायचंच होतं. तिथे जमिनीवर गाद्या टाकतात, एका खाटेवर दोघी झोपवतात, आमच्याकडे काय खायला नाही का, वगैरे. सासरे फक्त म्हणाले, "डॉक्टरांना मी आता काय तोंड दाखवू?" वाकोल्याला कळलं तेव्हा आई म्हणाली की मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलंस ते एक बरं, पण जायचं माझ्या घरून. मी म्हटलं, चालेल. सासूबाई म्हणाल्या, नाव आमच्या नर्सिंग होममध्ये घातल्याशिवाय माहेरी पाठवणं अजिबात चालणार नाही. या चालेल-नाही चालेलमध्ये सातवा महिना संपत आला.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. लेकीला माहेरी न्यायचं ते सातव्यात किंवा नवव्यात. आठव्यात तिला घराबाहेर काढत नाहीत. सातव्याचे दोनच दिवस उरले आणि मी अजून घाटकोपरलाच, म्हणून आई कासावीस झाली. मग तिनं तोडगा काढला: प्रस्थान ठेवायचं. मुहूर्तावर माणसाला निघता येत नसेल तर त्याचं सामान पुढे पाठवायचं. सामान गेलं म्हणजे माणूस गेलं. खरं तर असं प्रस्थान ठेवलं की दोन-चार दिवसांत निघायचं असतं, पण आईनं ते सरळ महिनाभर ताणलं. शुक्रवारी सकाळी ती स्वतः आली, माझी बॅग उचलली आणि कुर्ल्याला बस बदलून वाकोल्याला घेऊन गेली.

सासूबाईंनी हसत हसत बॅग जाऊ दिली. त्यांच्या दृष्टीनं बॅग तिकडे आणि सून इकडे, यात त्यांचंच जिंकणं होतं. आईला वाटलं आपण जिंकलो. मला वाटलं, चला, महिनाभर तरी घरात शांतता. त्या शांततेपायी मी तोंड उघडलं नाही. आणि बॅग भरताना गुलाबी कार्ड मीच माझ्या हातानं साडीच्या घडीत ठेवलं होतं. म्हटलं, बॅग जिथे, तिथे मी. स्वतःचा राग मला अजून येतो तो इथे.

नववा लागायला अजून आठवडा होता. रविवारी सकाळी भाजी निवडताना माझं पाणी गेलं.

मी म्हटलं, टॅक्सी करा, मोठ्या हॉस्पिटलात चला. नवरा म्हणाला, "अगं, पण कार्ड?" कार्ड वाकोल्याला. सासरे म्हणाले, कार्डाशिवाय ते दारात उभं करणार नाहीत, उगाच रस्त्यात काही झालं तर? सासूबाईंनी तोवर माझ्या चपला दाराशी आणून ठेवल्या होत्या. चार मिनिटांत मी गल्लीच्या टोकाला होते. खोलीला पडदे होते. हिरवे.

चार वाजता मुलगी झाली. सुखरूप झाली, हे मी नाकारत नाही. डॉक्टरही माणूस वाईट नव्हते. मी टेबलावरूनच त्यांना रक्तगट सांगितला, इंजेक्शनचं सांगितलं. ते हसून म्हणाले, "अहो, तुम्हाला रक्त लागलंच नाही, तर रक्तगटाची काळजी कशाला? कुठे तपासलंय त्याचं कार्ड आणा, मग बघू." सासरे शेजारून म्हणाले, "आता आराम कर, डॉक्टरांना शिकवू नकोस."

वाकोल्याला चाळीत फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता. निरोप गेला. सोमवारी सकाळी आई धावत आली. डिंकाचे लाडू आणले, बाळंतविडा आणला, जुन्या लुगड्याच्या दुपट्यांचा गठ्ठा आणला. बॅग आणली नाही.

"आई, बॅग?"

"प्रस्थान परत हाडूचा नसता गो बाये," आई म्हणाली. "अपशकून होता. तू बाळाक घेवन थयच येतलंस ना? मगे तुझी बॅग थयच रवली तर काय बिघाडला?"

मी सांगितलं, काय बिघडतंय ते. रडून सांगितलं, ओरडून सांगितलं. तीन दिवस, आई, तीनच दिवस. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. तान्ह्या बाळाच्या वेळी उगाच नियम कशाला मोडायचे?" पाच महिने एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोघी बायकांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं. नवऱ्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतायत ना ठीक आहे? बघू ना."

मंगळवारी मी जेवले नाही. नर्स म्हणाली, दूध येणार नाही. मग जेवले. डॉक्टर दोनदा आले, मी दोनदा म्हटलं इथेच रक्त तपासा, ते दोनदा म्हणाले, झालेली तपासणी पुन्हा कशाला, कार्ड आणा. बुधवारी सकाळी मी पर्समधून बॅगेची किल्ली काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि सांगितलं की आज कार्ड नाही आलं तर मी स्वतः उठून चालत वाकोल्याला जाईन. माझ्या आवाजात काहीतरी असावं. पण तो आधी ऑफिसला गेला आणि संध्याकाळी वाकोल्याला.

माझे वडील तेव्हा घरी एकटेच होते. नवऱ्यानं अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पोटमाळ्यावर चढले, बॅग होती तिथेच उघडली, साडीच्या घडीतून कार्ड काढलं आणि बॅग पुन्हा बंद केली. बॅग जागची हलली नाही. प्रस्थान मोडलं नाही. कार्ड तेवढं आलं.

हे सोमवारी आम्हा कुणालाही सुचलं नव्हतं. आईला नाही, सासूबाईंना नाही, आणि एवढी ऑफिसात फायली सांभाळणारी मी, मलाही नाही. आम्ही सगळे बॅगेवरून भांडत राहिलो.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी कार्डावरची लाल शाई वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. लगेच बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. पॉझिटिव्ह. इंजेक्शन केमिस्टकडून मागवलं, ते संध्याकाळी मिळालं. दंडावर बोळा दाबून धरत मी विचारलं, "उशीर झाला ना?"

"झाला थोडा. पण देऊन ठेवलेलं बरं."

"उपयोग होईल का?"

ते कार्डाची घडी करत म्हणाले, "ते पुढच्या खेपेला कळेल."

बाराव्या दिवशी मी मुलीला घेऊन वाकोल्याला गेले. आईनं पोटमाळ्यावरून बॅग उतरवली, तिला हळदकुंकू लावलं आणि शेजारणींना अभिमानानं सांगितलं की प्रस्थान ठेवलं म्हणून पोर सुखरूप सुटली. सासूबाई घाटकोपरला सांगत होत्या की आमच्या डॉक्टरांचा हातच तसा आहे.

पुढची बरीच वर्षं दोघी मला विचारत राहिल्या, हिला एक भाऊ नको का? पहिली इतकी छान झाली, मग आता कसली भीती? नवरा कधी विचारायचा नाही. त्याला बिचाऱ्याला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे इंजेक्शन लागू पडलं की नाही, हे कळायला एकच मार्ग होता, आणि त्यासाठी दुसरं मूल पणाला लावायला मी तयार नव्हते.

मुलगी एकटीच वाढली. मला दुसरं हवं होतं. फार हवं होतं.