पिवळा दिवा लागला आणि दादा निघून गेला

दादा आज सुट्टी संपवून पलटणीत परत निघाला. त्याला भेटायला मी कडेगावला घरी जाणार होतो. सांगलीत बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरची माझी ड्युटी संपतच आलेली, तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडला. पॅनलवर पिवळा दिवा. रंग अगदी हळदीचा, पण ते जाऊ द्या. मोटर तापली की तो लागतो, आणि ती परत सुरू झाल्याशिवाय आम्हाला हलता येत नाही.

मी रिसेट दाबणार, तोच फिटर मामा ओरडले, "गार हू दे रं! मोटर जाळतोस व्हय?"

"आवं मामा, दादा चाललाय!"

"मोटरला काय दादा हाय का?"

हिरवा दिवा लागला तवा दादाची गाडी सुटली होती. गाडीतनं त्याचा फोन आला, "आईनं तुझ्या वाटणीची धपाटीबी मलाच बांधून दिल्यात. खाऊ का रं?"

"खा," म्हणालो.

तुमच्या घरचं माणूस असं न भेटता गेलं, तर पुढची सुट्टी येईस्तोवर तुमी काय करता?