फार गुळगुळीत चित्र

आमच्या घरात मला कुणी पनीर आणायला पाठवत नाही. मी दुकानदाराची अशी उलटतपासणी घेतो की तो हात जोडून म्हणतो, "भिया, दूसरी दुकान देख लो." बायकोचं मत आहे की मी चुकून इंजिनिअर झालो, ठाणेदार व्हायला हवा होतो.

तर असा मी, सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात नव्या मुलीच्या स्क्रीनसमोर उभा. ती पुण्याहून आलेली. इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या राळेचा, वीज अडवणारा इन्सुलेटर हे तिचं पहिलंच डिझाइन. संध्याकाळी ड्रॉइंग साचेवाल्याकडे जाणार होतं, आणि पोलादात साचा एकदा कोरला की चूक पुसता येत नाही.

कॉम्प्युटरवर तिने विजेच्या क्षेत्राचं, म्हणजे विजेचा ताण कुठे किती पडतो त्याचं, चित्र काढलं होतं. निळा, हिरवा, पिवळा, सगळे रंग एकमेकांत अलगद मिसळलेले. सुंदर! आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इन्सुलेटरच्या बुडाशी धातू बसवलेला असतो, त्याच्या कडेला इपॉक्सी संपतं आणि हवेची बारीक फट सुरू होते. त्या सीमेवर क्षेत्राने एकदम उडी मारायला हवी, हवेत ते कितीतरी जास्त भरायला हवं. इथे तर काही घडलंच नव्हतं.

"हे तूच काढलंस ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय, सर?"

"नाही, बस असंच. फटीत हिशेबाच्या चौकटींची जाळी किती बारीक घेतलीस? तिथे हवाच धरलीस ना, इपॉक्सी नाही?"

तिने सगळं दाखवलं. चूक सापडेना. माझा संशय मात्र वाढतच गेला, निरपराध माणसावर वाढतो तसा. शेवटी म्हटलं, "ते चित्र गुळगुळीत करायचं बटण बंद कर जरा."

तिने केलं. सॉफ्टवेअर चित्र छान दिसावं म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंची सरासरी काढत होतं. सरासरी गेली आणि फटीत लालभडक पट्टा उमटला. चाचणीत हा इन्सुलेटर तिथेच ठिणग्या टाकणार होता.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "सर, खरं सांगा. संशय सॉफ्टवेअरवर होता की माझ्यावर?"

"सॉफ्टवेअरवर."

ती बघतच राहिली.

"दोघांवर," मी म्हटलं.

तेवढ्यात मालकांचा फोन. "ड्रॉइंग भेज दूँ क्या?" मी तोंड उघडायच्या आत तिने फोन घेतला. "नको, सर. धातूची कड धारदार आहे, सगळा ताण तिथेच गोळा होतोय. ती गोल करावी लागेल. उद्या देते."

"अरे बेटा, सुबह तो सब ठीक था!"

"सकाळी मी नीट बघितलं नव्हतं, सर."

दुसऱ्या दिवशी गोल कडेचं चित्र आलं. सीमेवर रंग तुटला होता, उडी जिथे हवी तिथेच होती, पण लाल कुठेच नव्हता. मी खुर्ची ओढून म्हटलं, "आता जाळी अजून बारीक करून..."

तिने स्क्रीनवरची शेजारची खिडकी उघडली. केलेलं होतं. त्याच्या शेजारची उघडली. त्याहून बारीक. क्षेत्राचा आकडा हलत नव्हता.

"अजून काही विचारायचंय, सर?"

विचारायचं होतं. पण ड्रॉइंग मी पाठवून दिलं.