लाल बावटा आणि निम्मा सिनेमा

मला सिनेमातलं सगळं कळतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण उभी हयात एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, लाल बावट्याखाली गेली. शत्रू कुठं दडलाय ते मला वासावरून समजतं.

म्हणून नाशिकरोडला तो नवा सिनेमा लागला आणि आमच्या निवृत्त कामगारांच्या कट्ट्यावर बोभाटा झाला, की त्यात लाल बावट्याची बदनामी आहे, तेव्हा खात्री करायला मलाच पाठवलं. (बाकीच्यांना दोन तास बसवत नाही. कुणाचे गुडघे, कुणाचं आणखी काय!) माझं ऐकून दुसऱ्या दिवशी निषेधाचा ठराव व्हायचा होता. सोबत आमची मंडळी, सुमन, आली. "मला रडायचा पिच्चर आवडतो," एवढंच तिचं राजकारण.

सिनेमातला कामगार संपावर. घरात पीठ नाही, बायको हंडे विकतेय, पोरगी तापानं फणफणलेली. आणि पुढारी काय करतोय? बिर्याणी खातोय! आमच्या पुढाऱ्यानं संपात वडापावसुद्धा अर्धा मोडून खाल्ला होता. मी ताडकन उठलो.

"निषेध असो! सभात्याग!"

आमची रीत अशी, की सभात्यागाला एक उठला की अख्खी रांग उठते. छाती काढून दारापर्यंत गेलो, वळून बघितलं, तर मागं चिटपाखरू नाही! अंधारातून सुमन तेवढी ओरडली, "अहो, पॉपकॉर्न ठेवून जा!"

उरलेला सिनेमा मी बाहेरच्या बाकड्यावर, तत्त्वासाठी, बसून काढला. घरी जातानाही तिला एक शब्द विचारला नाही. विचारायचं काय त्यात?

सकाळी कट्ट्यावर भाषण ठोकलं. "हा सिनेमा म्हणजे मालकांच्या पैशानं काढलेलं विष हाय!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात आमचा चिटणीस भिका, जन्माचा संशयी, म्हणाला, "शेवट काय व्हतो रे?"

"वाईटच."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच!"

"तू पाह्यला का?"

"सभात्याग केलेला माणूस परत आत जात नाय, भिका!"

नेमकी सुमन मेथी घेऊन समोरून चालली होती. भिकानं हाक मारली, "वहिनी, जरा या!"

"भावजी, तो बिर्याणीवाला मालकाचाच माणूस निघतो," सुमन म्हणाली. "बावटेवालेच त्याला पकडत्यात, त्या घराला धान्य बी देत्यात. पण पिच्चर पार्टीचा नव्हताच, त्या बाईचा व्हता. नवरा गावभर भाषणं ठोकतो अन् घरात पोरीला ताप हाय, त्याला पत्ता नाय. आमच्या संपात ह्यांना तरी कुठं व्हता?"

आठ म्हातारे आपापल्या चपलांकडं बघत बसले.

निषेधाचा ठराव बारगळला. नवा आला: यापुढं सिनेमे तपासायला वहिनींनाच पाठवावं. एकमतानं मंजूर! माझाही हात वर होता. मी तत्त्वाचा माणूस, मी कशाला वर करतोय! तो सुमननं धरून वर केला होता.