लूम बंद असताना

१९७६ च्या एप्रिलमध्ये एका दुपारी माझी धाकटी बहीण भिवंडीतल्या आमच्या घरातून नाहीशी झाली. ती तीन वर्षांची होती. त्या वेळी आमचे चारही लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, बंद होते.

लूम घरामागच्या शेडमध्ये होते, मध्ये एकच भिंत. ते चालू असताना बोललेले ऐकू येत नसे, म्हणून घरात सगळे हातवारे करत. बहीण बोलत नाही हे त्यामुळे उशिरा लक्षात आले. ती दिवसभर त्या भिंतीला तळवा लावून उभी राही. आम्ही तिला बहिरी समजलो.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ऐकू येते असे सांगितले. आजाराचे नाव ऑटिझम. आईने रोज शांत खोलीत तिच्यासमोर बसावे, ती नजरेला नजर देईल तेव्हाच वस्तू हातात द्यावी आणि वस्तूचे नाव उच्चारावे. हे आत्ताच सुरू करा, वय वाढले की कठीण जाते, असे त्यांनी वडिलांना बजावले.

आमच्या गल्लीत शांत खोली नव्हती. वडील दुपारी लूम बंद ठेवू लागले. आईने लूमसाठी सुताच्या कांड्या भरणे सोडले. कारागीर दारात बिड्या ओढत बसत. "शेट, लूमला पन आता दुपारची झोप लागते काय?" त्यांतला एक म्हणाला. वडील हसले नाहीत. बहीण भिंतीला तळवा लावी, काढी, पुन्हा लावी, मग कपाळ टेकवी. आईकडे पाहत नसे.

त्या दुपारी आई वाटी आणायला स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा मागचे दार उघडे होते.

गल्लीत दोन्ही बाजूंना कारखाने. लूमचे फिरते पट्टे उघडेच असत. हाक मारून उपयोग नव्हता, ती ओ देत नसे. रडली तर ऐकू यावे म्हणून वडिलांनी शेजाऱ्यांना लूम थांबवायला सांगितले. एक शेड थांबली, मग दुसरी. दुसऱ्या शेडमधला कारागीर म्हणाला, पोर आत्ता इथेच होती, लूम थांबले तशी निघून गेली. तिसऱ्या शेडमध्येही तेच सांगितले.

आईने वडिलांचा हात धरला. "अहो, ती चालू लूमकडं जातेय. आधी आपले चालू करा. मग बाकीचे बंद."

वडिलांनी लूम सुरू केले. भिंत थरथरू लागली. गल्लीतला शेवटचा कारखाना थांबल्यावर फक्त आमचा आवाज उरला.

बहीण मागच्या दाराने आली आणि तिने भिंतीला तळवा लावला. फ्रॉकचा घेर एका बाजूने फाटला होता, फाटलेल्या कडेला वंगणाचा काळा डाग होता. अंगावर जखम नव्हती. शेवटच्या कारखान्यात तिला कुणीही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. आई लूम चालू ठेवून शिकवायला बसली. तिने वाटी उचलली आणि वाटीचे नाव उच्चारले. मला फक्त आईचे ओठ हललेले दिसले.